अथेन्सच्या बाजारातलं मापटं

नरेंद्र डुबलनं आपल्या आईला खिशात घातलं, आणि ते अनसाक्कानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

शनिवारची संध्याकाळ होती. ॲन आर्बरच्या घरात जेवणाच्या टेबलावर त्यानं स्लाइड्सचे डबे मांडले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मराठी मंडळाची आठ-दहा कुटुंबं जेवायला यायची होती आणि जेवणानंतर बेसमेंटमध्ये ‘ग्रीसची सफर’ दाखवायची होती. एकेक चौकोनी स्लाइड दिव्यासमोर धरायची, एक डोळा मिटून बघायची, पसंत पडली की गोल ट्रेच्या खाचेत खोचायची, असं त्याचं चाललं होतं. अनसाक्का समोर लसूण सोलत बसली होती. एक स्लाइड त्यानं दिव्यासमोर जरा जास्त वेळ धरली. आईकडे चोरून बघितलं. मग ती ट्रेमध्ये गेली नाही, डब्यातही गेली नाही. शर्टाच्या खिशात गेली.

कुठली स्लाइड ते अनसाक्काला विचारायची गरज नव्हती. एकोणीस वर्षं बाजारात बसलेल्या बाईला माणसाचा हात कुठून कुठं गेला ते न बघताही कळतं, आणि इथं तर तिनं बघितलं होतं.

“झाल्या का निवडून?” तिनं विचारलं.

“झाल्या की.”

“सगळे आलेत ना त्यात?”

“सगळे म्हणजे आई, ऐंशीच बसतात. थोडं कमी-जास्त करावं लागतं.”

“करावं लागतं खरं,” अनसाक्का म्हणाली आणि लसणाची पाकळी अशी काही चेपली की ती टुणकन उडून सुनेच्या, वसुधाच्या, पायाशी पडली.

राग एका फोटोचा नव्हता. तीन महिन्यांपूर्वी ती या घरात आली, तेव्हापासून तिला पोराचं वागणं खुपत होतं. घरात तो आईला फुलासारखं जपायचा. तिच्यासाठी बाथरूममध्ये बादली-तांब्या ठेवला होता, थंडी लागायच्या आधीच लोकरी मोजे आणून दिले होते. पण चारचौघांत आई बोलायला लागली की तो मध्येच “चहा घेणार का कुणी?” असं विचारायचा. का, ते तिला गणपतीच्या दिवशी कळलं. युनिव्हर्सिटीत संख्याशास्त्र शिकवणारे त्र्यंबकराव मोदक खाता खाता म्हणाले, “आक्का, कराडला तुमची धान्याची मोठी पेढी होती म्हणे. मुनीम किती होते?”

अनसाक्कानं नरेंद्रकडे पाहिलं. तो मोदकावर तूप ओतत होता. वाटी रिकामी झाली तरी ओतत होता.

“एकच होता,” ती म्हणाली. “मीच.”

सगळे हसले. आक्का मोठ्या विनोदी आहेत, असं ठरलं आणि पेढी तशीच राहिली. पोराच्या घरी, देवासमोर, तिनं त्या दिवशी गप्प बसून घेतलं होतं. तिच्या सहासष्ट वर्षांच्या आयुष्यात ती इतकी गप्प क्वचितच बसली असेल.

पेढी कसली? नवरा दिगंबर गेला तेव्हा नरू सहा वर्षांचा होता. तेराव्यानंतर चौथ्या दिवशी ती गोणपाट, तराजू आणि लोखंडी मापटं घेऊन बाजारात जाऊन बसली. ज्वारी, हरभरा, शेंगदाणे. डोक्यावर छप्पर नव्हतं, फळी नव्हती, खाली जमीन आणि वर ऊन. दुसरीपर्यंत शाळा झालेली, सहीपुरती अक्षरं येत होती. पण तिच्या मापाला कुणी नाव ठेवल्याचं बाजारात कुणाला आठवत नव्हतं. त्या जागेवरून उठली ती थेट नरू अमेरिकेला निघाला त्याच्या आदल्या वर्षी.

आणि तो अथेन्सचा फोटो! तो आठवला की तिला अजून हसू यायचं.

जुलैत तिला आणायला तिघं कराडला आली होती, नरेंद्र, वसुधा आणि पंधरा वर्षांची पद्मिनी. परतीच्या वाटेवर नरेंद्रनं अथेन्सला दोन दिवस थांबायचं ठरवलं. पुण्याच्या वसतिगृहात असल्यापासून त्याला त्या देशाचं वेड होतं. टेकडीवरच्या प्रसिद्ध देवळाला अनसाक्का गेली नाही. “खालनं दिसतंय की. देवाला काय, खालनं केलेला नमस्कार पोचत नाही?” म्हणाली. पण टेकडीच्या पायथ्याशी उन्हात पसरलेले पडके दगड बघून नरेंद्र म्हणाला, “आई, हा त्यांचा बाजार. अडीच हजार वर्षांपूर्वीचा,” तेव्हा तिनं पदर खोचला.

“चल. बाजार मी बघणार.”

आणि बघितला तो असा की नरेंद्रचं मार्गदर्शक पुस्तक बगलेतच राहिलं. जमिनीतनं गेलेला दगडी नाला दिसला, तशी ती म्हणाली, “हे शहाण्याचं काम. पाऊस पडला की आधी धान्य वाचवायचं असतं.” एका गोल चौथऱ्यापाशी पद्मिनीनं पाटी वाचून आपल्या मोडक्या मराठीत सांगितलं, “आजी, इथे गव्हर्नमेंटचे लोक जेवायचे. आणि ऑफिशियल वजनं इथे ठेवायचे.”

“म्हणजे मामलेदार कचेरी. बाजाराला लागूनच. आमच्याकडंही तसंच.”

मग एका कोपऱ्यावर एक उभा दगड आला, त्याच्या कडेनं अक्षरं कोरलेली. पद्मिनी पाटीवर वाकली. “आजी, हा दगड म्हणतो, मी बाजाराची बाउंड्री आहे.”

“स्वतः म्हणतो?”

“हो. ‘मी’ असं लिहिलंय.”

अनसाक्कानं दगडावर हात ठेवला. “भला आहे,” म्हणाली.

त्याच बाजारातल्या लांबलचक खांबांच्या इमारतीत संग्रहालय होतं. तिथं काचेमागं मातीचं एक गोल, उभ्या कडांचं भांडं होतं. नरेंद्र पुढं निघून गेला, पण अनसाक्का तिथंच खिळली. भांड्याला कान नाही, गळा नाही, तोटी नाही. कड सरळ आणि एकसारखी. आणि अंगावर शिक्का. त्या शिक्क्यात घुबड.

“अगं, हे मापटं आहे!” ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की रखवालदार वळून बघायला लागला. “धान्याचं मापटं. आणि हा सरकारी शिक्का. आमच्याकडं वर्षातनं एकदा निरीक्षक यायचा, मापं तपासायचा आणि ठोकून जायचा.”

पद्मिनीनं पाटी वाचली आणि तिचे डोळे मोठे झाले. “आजी, यू आर राइट! सुक्या धान्याचं पब्लिक मेझर. शिक्का गव्हर्नमेंटचा. तुला कसं कळलं?”

“मला कळणार नाही तर काय तुझ्या बापाला?”

“पण आउल का?”

“लक्ष्मीचं वाहन ते. बाजारात दुसरं कोण बसणार?”

बाहेर आल्यावर नातीनं हट्ट धरला, की तू कशी बसायचीस ते दाखव. अनसाक्कानं मागंपुढं पाहिलं नाही. एका पडक्या दुकानाच्या पायावर नऊवारी सावरून बसली, एक गुडघा उभा, एक आडवा. पद्मिनीच्या उन्हाच्या टोपीत खडे भरून घेतले आणि हात उचलून हाळी दिली, “घ्या शेंगदाणं! बघून घ्या, मोजून घ्या!” दोन जर्मन म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. नरेंद्र धावत आला, “आई, ऊठ, लोक बघतायत.” तेवढ्यात पद्मिनीनं फोटो काढला. त्यात मागं टेकाडावरचं देऊळ होतं, मध्ये हात उंचावलेली अनसाक्का, आणि कडेला नरेंद्रचं अर्धं तोंड.

तीच ही स्लाइड. खिशात गेलेली.

रविवारी सकाळी नरेंद्र आंघोळीला गेला. शनिवारचा शर्ट धुण्याच्या टोपलीत होता. अनसाक्कानं खिसा चाचपला. स्लाइड तिथंच होती. खिडकीशी नेऊन तिनं एक डोळा मिटला, लेकासारखाच. हात उंचावलेली ती, बोटभर.

मग ती टेबलाशी गेली आणि ट्रेमधल्या स्लाइड्स एकेक काढून उजेडासमोर धरत, परत खोचत निघाली, मापट्याची सापडेपर्यंत. तिच्या पुढच्याच खाचेत विमानाच्या खिडकीतनं घेतलेला सूर्यास्त होता. सूर्यास्त चार होते. एक कमी झाला म्हणून सूर्य काही उगवायचा थांबणार नव्हता. सूर्यास्त तिनं काढून कनवटीला लावला आणि स्वतःला त्याच्या जागी खोचलं, डोकं वर, पाय खाली, नीट.

दुपारी घर भरलं. हॅम्बर्गरच्या पावांबरोबर भाजी, सावर क्रीमचं श्रीखंड, वसुधाच्या हातची मसालेभाताची भली मोठी परात. त्र्यंबकराव दोनदा वाढून घेऊन “जास्त होतंय” असं तिसऱ्यांदा म्हणाले. मग सगळे बेसमेंटमध्ये उतरले. वरच्या छोट्या खिडक्यांना टॉवेल लावले. प्रोजेक्टरपाशी पद्मिनी बसली आणि पुढच्या खुर्चीत, मुद्दाम मध्यभागी, अनसाक्का.

नरेंद्र बोलायला चांगला. वादविवाद, मतदान, न्यायालयं, सगळं त्यानं रंगवून सांगितलं. नावं कोरलेली खापरं दाखवून म्हणाला, “गावाला जड झालेल्या माणसाचं नाव लोक असं खापरावर लिहायचे. ज्याच्या नावाची सगळ्यात जास्त, तो दहा वर्षं गावाबाहेर.”

“मंडळाच्या निवडणुकीला हे सुरू करा!” त्र्यंबकराव म्हणाले.

“तुम्हालाच परवडणार नाही ते,” त्यांची बायको सुचित्रा काळोखातनं म्हणाली, आणि बेसमेंट हसण्यानं दणाणला.

हद्दीचा दगड आला आणि गेला. नाला आला आणि गेला. क्लिक. पडद्यावर मापटं आलं, काचेमागचं, घुबडाच्या शिक्क्याचं.

अनसाक्का सरसावून बसली.

नरेंद्रनं आईकडे बघितलं. “हे... हे त्यांच्या पूजेतलं भांडं,” तो म्हणाला. “देवीला धान्य अर्पण करायचं.”

“अच्छा! आपल्या नैवेद्याच्या पात्रासारखं,” त्र्यंबकराव लगेच म्हणाले. “बघा, संस्कृती कशा जुळतात. माझं नेहमीच म्हणणं आहे...”

“बाबा, दॅट्स नॉट...” पद्मिनी म्हणाली.

“पुढे घे, पद्मा.”

पोरगा चुकला नव्हता. पोराला माहीत होतं. अथेन्समध्ये तिनं त्याला मागं बोलावून दोनदा हात धरून दाखवलं होतं. पण मापटं म्हटलं असतं, तर मापट्यामागून शेंगदाणे आले असते, शेंगदाण्यामागून गोणपाट आलं असतं आणि गोणपाटावर आई बसलेली असती. म्हणून त्यानं माप उचलून देव्हाऱ्यात ठेवलं होतं.

क्लिक.

पडद्यावर एक नऊवारीतली म्हातारी खाली डोकं वर पाय करून लटकली होती. वर दगड, खाली आभाळ, आणि तिचा हात पाताळाकडे उंचावलेला.

पहिल्यांदा लहान पोरं हसली, मग सगळेच. “आक्का, हे कुठलं आसन?” कुणीतरी म्हणालं. अनसाक्का स्वतःही हसली. ही असली अमेरिकन चीज उलटी खोचावी लागते, हे तिला कुणी सांगितलं होतं? एवढा मोठा इंजिनिअर पोरगा घरात असून नाही सांगितलं.

नरेंद्र मात्र हसला नाही. त्याचा हात खिशाकडे गेला, पण अंगातला शर्ट आजचा होता. “चुकून आलीय,” तो म्हणाला. “पुढे घे.”

“थांब, पद्मे,” अनसाक्का म्हणाली. “मला सरळ कर.”

पद्मिनीनं बापाकडे बघितलं, आजीकडे बघितलं आणि स्लाइड काढून फिरवून घातली. आता ती सरळ बसली होती, भिंतभर, हात वर, तोंड उघडं, पुढ्यात टोपीभर खडे. कडेला नरेंद्रचं अर्धं तोंड.

“आई, नंतर बोलू,” नरेंद्र हळूच म्हणाला.

“चहा विचारतोस का कुणाला?” ती म्हणाली. “विचार. तोवर मी सांगते.” ती उठून पडद्याच्या बाजूला उभी राहिली. “त्र्यंबकराव, मघाचं ते भांडं पूजेचं नव्हे. ते मापटं. आणि कराडला पेढी नव्हती. ही बाई जशी बसलीय, तशीच मी बसत होते. जमिनीवर. एकोणीस वर्षं. ज्वारी, हरभरा, शेंगदाणं. हा शेजारी पोत्यावर बसून पाढे म्हणायचा.”

अनसाक्कानं पदर खोचला.

“वसुधा, वरनं तांदूळ आण. आणि माप.”

वसुधानं तांदळाची पिशवी आणली आणि रेघा मारलेला प्लास्टिकचा कप. अनसाक्कानं कप हातात फिरवून बघितला. “रेघ विकणाऱ्याकडं असली की घेणाऱ्यानं कुठं बघायचं? पेला आण स्टीलचा.”

पेला आला, रिकामी परातही आली. परातीत तांदूळ ओतून ती पडद्याच्या उजेडात खाली मांडी घालून बसली, आणि बघता बघता सगळ्या खुर्च्या तिच्याभोवती गोळा झाल्या.

“हे एक माप,” ती म्हणाली आणि पेला बुडवून काढला. “आता बघा, अंगठा आत. झालं ना भरून? चिमूटभर गेलं तुमचं. आता तिरका धरते. आणखी गेलं. आता भरते बरोबर, पण वरनं असा हात फिरवते.” तळहाताच्या कडेनं तिनं पेल्यावरचे तांदूळ झटकन उतरवले. “हात दाबून फिरवला की कडेच्या खाली जातं. बोट लागलं नाही, शिवी लागली नाही, आणि गिऱ्हाईक लुटलं.”

“आणि तुम्ही कसं द्यायचात, आक्का?” सुचित्रानं विचारलं. ती आता खुर्चीवरून उतरून खालीच बसली होती.

“असं.” अनसाक्कानं पेला भरला, वर आणखी ओतलं, थांबली, आणखी ओतलं. वर तांदळाचं टोक झालं, दाणे घरंगळून कडेनं पडायला लागले. “शीग लावून. पडलेले दाणेही पदरात टाकायचे. एकदा कुणी उठवलं, की अनसाच्या मापाचं बूड आत ठोकलंय. निरीक्षक आला. सगळ्या बाजारासमोर त्यानं सरकारी माप काढलं, माझ्या मापातलं त्याच्यात ओतलं. काठोकाठ भरलं आणि वर शीग उरली ती उरलीच. हा तेव्हा नऊ वर्षांचा. पोत्यावर उभा राहून टाळ्या पिटत होता. आठवतं का रे?”

नरेंद्र जिन्याच्या कठड्याला धरून उभा होता. “आठवतं,” तो म्हणाला.

त्र्यंबकरावांनी घसा साफ केला. आता काही संस्कृत येतं की काय, अशी सगळ्यांना भीती वाटली. पण ते एवढंच म्हणाले, “आक्का, मी सॅम्पलिंग शिकवतो वीस वर्षं. अंगठ्याचं मला माहीत नव्हतं.”

“या कधीतरी. शिकवीन,” अनसाक्का म्हणाली.

हळूहळू टॉवेल निघाले, उजेड आत आला. बायका पेला घेऊन आपापला हात फिरवून बघू लागल्या. पोरं तांदूळ वेचत होती. उरलेल्या स्लाइड्स कुणालाच आठवल्या नाहीत. नरेंद्र आईपाशी येऊन खाली बसला. बेचाळीस-त्रेचाळीसचा माणूस, मांडी घालताना गुडघा कटकन वाजला.

“आई, मला तुझी लाज नव्हती वाटत.”

“मग कुणाची वाटत होती?”

“लाज नाहीच. मी नवीन आलो होतो तेव्हा एका घरी खरं सांगितलं होतं. त्या बाई म्हणाल्या, ‘अरेरे, बिचारी.’ तुला कुणी बिचारी म्हणावं, हे मला सहन नाही झालं. मग पुढच्या घरी पेढी सांगितली.”

“बिचारी?” अनसाक्कानं कमरेवर हात ठेवले. “मला?”

“म्हणून तर.”

“आणि त्या बाईला तू काय म्हणालास?”

“काही नाही.”

“तिथं बोलायचं होतंस. तिथं गप्प बसलास आणि इथं बोलत सुटलास.” तिनं पडद्याकडं हात केला. पद्मिनीनं मुद्दामच ती स्लाइड तशीच लावून ठेवली होती. उजेडात ती फिकी दिसत होती, पण दिसत होती. “तो दगड बघितलास ना? अडीच हजार वर्षं ऊन खात एका जागी उभा आहे आणि येईल त्याला सांगतोय, मी बाजाराचा. दगडाला जमलं. तुला सतरा वर्षांत जमलं नाही.”

नरेंद्र परातीतले तांदूळ बोटानं सरकवत राहिला. मग त्यानं पेला उचलला, भरला, वर ओतलं, आणखी ओतलं. टोक होईना, दाणे घसरत राहिले. लहानपणीही त्याला शीग लावता यायची नाही. अनसाक्का बघत होती. तिसऱ्यांदा टोक उभं राहिलं.

सुचित्रा, वसुधा, पद्मिनी, त्र्यंबकराव, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, बाजारातला आवाज तिचा, अनसाक्का लेकाला म्हणाली:

“ऐक, नरू. तू लबाड नाहीस. लबाड असतास तर कान धरला असता आणि मोकळी झाले असते. पण माझ्यावरनं हात फिरवून तू मला सपाट केलंस आणि लोकांना वाढलंस. तेही वर म्हणायला, आईच्या भल्यासाठी. माझ्या मापाला सरकारचा शिक्का होता. तुझ्या पेढीला कुणाचा आहे? आजपासनं कुणी विचारलं तर तू आई द्यायचीस ती अशी, शीग लावून. सांडली तर सांडू दे. खाली मी बसलेय वेचायला.”